दाढ माझी, चष्मा तिचा

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहीन. निश्चय पहिला : रागवायचं नाही. कॉलेज रागातच अर्धवट सोडलं (चूक प्राध्यापकांची). परदेशात तसं जमत नाही. भांडायचं तर आधी मनात भाषांतर करावं लागतं, तोवर समोरचा घरी गेलेला असतो.
गोदामात वॉशबेसिनं पॅक केली. सुपरवायझरने माझं बांधून झालेलं खोकं परत उघडायला लावलं. रागावलो नाही. फक्त दात-ओठ खाल्ले. उजवी दाढ ठणकतेय. संयमाला किंमत मोजावी लागतेच.

५, बुधवार
कंपनीचा विमा फक्त मोठ्या आजारपणाला. वरचा पूरक विमा ज्याचा त्याने निवडायचा. महिनाअखेरपर्यंत बदल चालतो, मग वर्षभर नाही. खोलीतला जोडीदार (मी त्याला शहाणा म्हणतो, कारण तो स्वतःला तसं समजतो) म्हणाला, डोळे मिटून दातांचा घे. सल्ला कुणी मागितला होता?

६, गुरुवार, जेवणाची सुट्टी
विमा कचेरीत गेलो. काउंटरवर ती. चक्क आपली भाषा बोलते! जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. घसरला की करंगळीने वर सारते. काय हवंय, असं तिने विचारलं. मला काय हवंय ते आठवेना. माहितीपत्रक घेऊन परतलो. पेन तिथेच राहिलं.

७, शुक्रवार
तिने माझं पेन जपून ठेवलं होतं! परक्यासाठी कोण करतं इतकं? (काउंटरवर विसरलेल्या पेनांचा एक डबा आहे. त्याचा इथे संबंध नाही.)

११, मंगळवार
विमा घेतला!! पुरुषाने दूरचं बघावं. दात किंवा चष्मा, दोन्हींतलं एकच मिळतं. दाढेचं काय, आज दुखते, उद्या थांबते. पण तिला संसारात अधूनमधून नवी फ्रेम लागणारच. दाढ दुखते हे तिला सांगितलं, तरी चष्म्याचाच घेतला. एकटे की दोघे, तिने विचारलं. मी तिच्याकडे बघत म्हणालो, दोघे. पत्नीचं नाव? मी लाजून म्हणालो, सवडीने सांगतो. ती हसली. समजली असणार.
शहाण्याला सांगितलं. तो म्हणाला, अरे गाढवा, दाढ तुझी, चष्मा कुणाचा? रागावलो नाही. बादलीला लाथ मारली फक्त.

१४, शुक्रवार
आईचा फोन. लवंग धर म्हणाली. मग म्हणाली, असा बोबडा का बोलतोस, प्यायलास की काय? प्रेम आणि दाढ, दोन्ही आईला सांगण्यासारखी नाहीत. गाल किंचित भरलाय. भारदस्त दिसतो.

१८, मंगळवार
गाल भोपळा. तोंड उघडेना. शहाण्याने मफलर गुंडाळून ओढतच विमा कचेरीत नेलं. बदलून घेऊ म्हणाला. बोलायचं काम त्याचं.
तिने मला ओळखलं नाही. शहाण्याला म्हणाली, यांना दातांचाच घ्या हो, अगदी दया येते बघून. मग आपणहून सांगत सुटली : परवाच एक गृहस्थ आले होते, सारखे येऊन चौकशी करायचे. स्वतःची दाढ दुखत असताना बायकोला चष्मा हवा म्हणून दातांवर पाणी सोडलं. नाव घ्यायलासुद्धा लाजत होते बिचारे! माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी त्यांचंच उदाहरण देते, म्हणाली.
होणाऱ्या नवऱ्याला.
शहाण्याने तोंड उघडलं. मी त्याचा पाय तुडवला. त्या गृहस्थाला असं तोंडघशी पाडणं मला पटेना. विमा आहे तसा ठेवला.

२०, गुरुवार
दाढ पदरचे पैसे घालून काढली. दंतवैद्याने विचारलं, रागात दात-ओठ खाता का? मी मान हलवली. नाही म्हणून. मऊ भात चालू.

२८, शुक्रवार
घेतलेला विमा वाया का घालवा? डोळे तपासणी फुकट होती, करून आलो. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. जवळचं, लांबचं, सगळं स्वच्छ दिसतं तुम्हाला. चष्म्याची गरज नाही.
शहाण्याला सांगितलं. तो हातातला घास ठेवून जिन्यात गेला. अजून हसण्याचा आवाज येतोय.
रागावलो नाही. दात-ओठही खाल्ले नाहीत. डावी दाढ जपायला हवी.