गोपालरावांचा सत्कार

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ह्यांना फोन आला! रक्तपेढीतून. "स्वतः येऊन भेटा, फोनवर सांगता येत नाही." बियाण्याचं दुकान उघडं टाकून हे धावत घरी. "जयमाला, माहा सत्कार हाय! बावीस वेळा रक्त देल्लं, आता डोये उघडले त्याइचे!"

मी म्हटलं, सत्कार फोनवर का सांगता येत नाही? "सरप्राईज राह्यते ना वं ते!"

कुणाचा वाढदिवस असो की पुण्यतिथी — रक्तदानाचं शिबिर दिसलं की हे बाही वर करतात. घरात भेट मिळालेली तीन हेल्मेटं आहेत. एकात सासूबाई लसूण ठेवतात. हे गाडी चालवतात उघड्या डोक्यानं.

बुधवार, ८ जानेवारी

उकंडकाका, आमचे माजी सरपंच, स्वतःहून तयार. "मी बोलतो ना दोन शब्द." त्यांचे दोन शब्द सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात. डोणगावच्या चौकात फ्लेक्ससुद्धा लावून टाकला — 'रक्तदानवीर गोपालभाऊ'! फोटो इतका गोरा केलाय की सासूबाईंनी विचारलं, "हा कोन व्हय?"

ह्यांनी नवं जाकीट आणलं. काखेत काचतं. पण काढत नाहीत.

शुक्रवार, १० जानेवारी

रक्तपेढीत जीप भरून गेली आणि भरून आली. शाल नाही, नारळ नाही. काका भडकलेले — "मले बाह्यरच बसोलं! भाषन तसंच राह्यलं!" हे म्हणाले, "कार्यक्रम पुढं ढकलला." जेवले नाहीत.

मग मागच्या अंगणात मला सांगितलं. रक्तात एचआयव्ही असल्याची शंका आहे. सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी करायची.

"कुठं गेला होता?"

"कुठीच नाही."

"मग आलं कुठून?"

"मले माहीत नाही वं."

माहीत नाही! दुकानातल्या प्रत्येक बियाण्याचा लॉट नंबर तोंडपाठ, आणि एवढंच तेवढं माहीत नाही! ताट आपटलं मी. नंतर न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलणं काही जमलं नाही. काका विचारून गेले, "तारीख आली काय?" फ्लेक्स अजून चौकात हसतोय! शाळेत शिकवायला जाताना मी रोज त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडते.

गुरुवार, १६ जानेवारी

बुलढाण्याला आलोय. जवळच्या मेहकरच्या दवाखान्यात ओळखीचे फार. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. समुपदेशक सुचिताताई वयानं लहान, पण आवाज अगदी आम्हा मास्तरणींचा. म्हणाल्या, रक्तपेढीची चाळणी फार बारीक, कधीकधी चांगलं रक्तही तिच्यात अडकतं. इथं पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगवेगळ्या किटवर आणखी दोन करतात. तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. लागण अगदी ताजी असेल तर सुरुवातीला चाचणीत दिसतही नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. आणि जुनी असली तरी माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, प्रतिकारशक्ती मात्र आतून कमी होत जाते. ती किती उरली ते सीडी-फोर तपासणीत कळतं. रोज न चुकता गोळी घेतली तर विषाणू इतका दबतो की व्हायरल लोडच्या तपासणीत सापडतसुद्धा नाही. मग माणूस म्हातारा होईस्तोवर जगतो, जोडीदारालाही लागण होत नाही.

हे गिऱ्हाइकासारखे चौकशी करत होते. "गोळी जेवनाआंधी का मंग?"

मग ताई माझ्याकडे वळल्या. "तुमचंही रक्त घेऊ."

माझं कशाला? शाळा नि घर सोडून मी कुठं जाते! पण म्हटलं घ्या. ह्यांना जरा लाज वाटू दे. हे लगेच अनुभवी — "भेऊ नको, मुंगी चावल्यावानी लागते." मी हात पुढं केला.

आज सहा दिवस झाले, ह्यांच्याशी धड बोलले नाही. पॉझिटिव्ह आले तर माहेरी जायचं, हे मी ठरवून टाकलंय. ताईंनी हाक मारली.

शुक्रवार, १७ जानेवारी

ह्यांची निगेटिव्ह. महिन्यानं पुन्हा एकदा तपासायची.

माझ्या तिन्ही पॉझिटिव्ह.

कुठून, कधी — मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

काल परतताना एसटीत हे शेजारीच बसले होते. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. मेहकरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "सकायपासून उपाशी हाय तू. चाय आणू काय?"