या घरात रडायची सोय राहिली नाही

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, तेव्हा तो मनापासूनचा समजावा.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? तुमच्या यजमानांचा खोकला सुटला का? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. बिघडलंय ते निराळंच, आणि ते तुमच्या धाकट्या बंधूंचं आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

बढती मिळाल्यापासून ते रोज फोनवर लेख टाकून चार माणसांना शहाणं करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घरात काही घडलं की त्यातून नोकरीतल्या प्रगतीचा धडा काढायचा आणि ऑफिसच्या मंडळींपुढे ठेवायचा. सुरुवात दुधापासून झाली. मी धुणं वाळत घालत होते, हे शेगडीपाशी उभे. दूध वर आलं. मी ओरडले, "अहो, गॅस बंद करा!" तर म्हणाले, "थांब, यात काहीतरी आहे." यात दूध होतं, वन्सं. ते शेगडीवर सांडलं, आणि संध्याकाळी 'संधी उतू जाण्याआधी' असा लेख आला. मग मोरीचा नळ गळू लागला. मी प्लंबर बोलावला, यांनी तो दारातूनच परत पाठवला, कारण 'सातत्य' या विषयाचा दुसरा भाग लिहून व्हायचा होता. (जाताना प्लंबरनं मला हळूच विचारलं, "ताई, साहेबांना बरं आहे ना?") मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. परवा एक बाई यंत्रावर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "दूध उतू गेलं तरी तुम्ही चिडला नाहीत म्हणे! केवढा संयम!" मी चिडले होते. भरपूर चिडले होते. ते धड्यात बसेना म्हणून यांनी गाळलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात माझा राग माझ्या नावावर राहिला नाही.

इथवर मी गिळलं. पुढचं गिळवत नाही.

लेकीची बालवाडीपासूनची मैत्रीण अचानक दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. का, ते पोरीला कळेना. मी दुकानात होते, म्हणून ती बापाच्या कुशीत शिरून रडली. यांनी तिला थोपटलं. (एका हातानं. दुसऱ्यात फोन होता.) सकाळी लेख हजर: 'लेकीची मैत्रीण दुरावली: जुना ग्राहक का सोडून जातो?' त्या मैत्रिणीची आई यांच्याच ऑफिसात आहे. दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं आणि पोरं आमच्या लेकीला 'दुकान' म्हणू लागली. 'दुकान बंद झालं का गं?' असं जाता-येता.

मी यांना म्हटलं, "अहो, ती तुमच्याकडे रडायला आली होती." तर म्हणतात, "मग? वाया गेलं का तिचं रडणं? केवढ्या लोकांना उपयोग झाला!"

तेव्हापासून पोरगी घरात 'हो', 'नको' आणि 'जेवले' एवढंच बोलते. मी काही विचारलं की आधी मान वळवून बाप कुठे आहे ते बघते. बाराव्या वर्षी माणसानं स्वतःच्या घरात असं बघावं?

त्यात ऑफिसचा समारंभ आला, सहकुटुंब. हे मंचावर. मागे पडद्यावर आमच्या स्वयंपाकघराचा भिंतीएवढा फोटो, खरकट्या भांड्यांसकट. सूत्रसंचालक बाईंनी लेकीपुढे माईक धरला. "सांग बेटा, बाबांकडून तू काय शिकलीस?"

ती म्हणाली, "बाबा आले की गप्प बसायचं."

मला वाटलं, चला, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली आणि सगळे उभे राहून वाजवू लागले. बाई म्हणाल्या, "ऐकण्याची कला! या वयात!" तुमच्या बंधूंनी डोळे पुसले. परतताना गाडीत तेच. "पोरीनं काय वाक्य टाकलं!" पोरगी काचेला कपाळ टेकवून बसली होती. मी हातातला पुष्पगुच्छ पाकळी पाकळी करून यांच्या नव्या गाडीत सांडला. (त्यातून धडा अजून निघालेला नाही. शोध चालू आहे.)

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
भावजय

ता. क. यांच्या प्रत्येक लेखाखाली पहिला अंगठा तुमचा असतो. मैत्रीण दुरावल्याच्या लेखाखाली तर तुम्ही 'माझा गुणी भाऊ' असंही लिहिलंत. तेव्हा वर जे काही बोलले आहे त्यातलं निम्मं तुमचं. कोणतं निम्मं, ते थोरल्या म्हणून तुम्हीच निवडा.

आणखी एक. हे पत्र त्यांना दाखवू नका. 'बायकोच्या रागातून नेतृत्व' वाचायची माझ्यात ताकद नाही.

आणि ज्यासाठी कागद घेतला ते राहिलंच. सुट्टी लागली की लेकीला तुमच्याकडे ठेवून घ्या. ती आधी नको म्हणाली. "आत्या सगळं बाबांना फोनवर सांगते." मी तिला तुमच्या वतीनं शब्द दिलाय, तुम्हाला न विचारता. सांगितलंय की आत्याच्या घरी पोटभर रड, तिथे कुणी काही शिकत नाही. मला खोटं पाडू नका.