खारपायांना खोली नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
नवी जमात बनवतायत म्हणे! देवाला जमलं नाही ते माझ्या नातीला पगार देऊन करायला लावलंय.

निशिगंधा घरी बसूनच गेम बनवते. ऑनलाइनवाला, देशोदेशीची माणसं एकाच वेळी खेळतात. खेळायच्या आधी आपण कोण व्हायचं ते निवडायचं – पंखवाले, दगडी अंगाचे, लांब कानांचे. आता त्यात एक जमात वाढवायची, ते काम हिच्याकडे आलंय. जन्माआधी कोण व्हायचं ते विचारतात, एवढी एक गोष्ट मला पटली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
नाव ठेवलं – खारपायी. मिठागरात राहतात, पाय मिठाने पांढरे, भेगाळलेले. आमच्या खिडकीतून मिठागर दिसतं, त्यावरून सुचलं म्हणे. आणि चालतात माझ्यासारखे, डावीकडे कलून! "माझं चालणं चोरलंस?" तर म्हणते, "आजी, त्यात शान आहे." शान कसली, गुडघा दुखतो!

आवाज पण माझाच भरून घेतला. "रागावल्यासारखं बोल ना काहीतरी." मला 'रागावल्यासारखं' करावं लागत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
निशी मिरा रोडची भाड्याची जागा दिवाळीआधी बघून आली. दोन खोल्या – एक तिच्या कामाला, एक मला. ईश्वर एजंटने अजून कळवलं नाही. "फोन कर त्याला! काय झालं त्या जागेचं?" म्हटलं, तर "बघतेय" म्हणून आत निघून गेली. बघत बसा. इथे माझ्या गादीवर हिच्या वायरी.

९ नोव्हेंबर, रविवार
आज माझं डोकं फिरलंय.

विहारातून आले, चप्पल काढते तोच, "आजी, जरा खेळून बघ." बसले. खारपायी झाले. नाव लिहिलं – कमळा. आडनाव गेमनेच चिकटवलं – खारपायी. बदलता येत नाही! बरं. चालत चालत शहरात गेले. तिथे रात्र पडली. खोली घेऊन झोपायचं, नाहीतर थंडीने जीव कमी कमी होत जातो. समोर लॉज. वरच्या सगळ्या खिडक्या अंधारात, म्हणजे रिकाम्या. मालक कसला गोड हसला! "या, या. बसा. पूर्ण नाव काय आपलं?" सांगितलं. "अरेरे! खोली आत्ताच गेली."

माझ्या मागून एक पंखवाला आला. त्याला किल्ली दिली!

मी रस्त्यावर. जीव कमी होतोय.

"हे तू लिहिलंस?"
"हो."

लाज नाही वाटली? मी परकरात होते तेव्हा गावच्या दुकानासमोर पार उन्हात उभी राहायची. गूळ वरून टाकायचे, कधी हातात, कधी मातीत. ते सगळं टाकून तुझा आजोबा इकडे भाईंदरला आला, या खारी गावात पत्र्याच्या खोलीत राहिला. आणि तू तेच उचलून पंख्याखाली बसून परत मांडलंस? लोकांच्या करमणुकीला?

आणि मांडलंस ते पण चुकीचं! गावात आम्हाला नाव कोण विचारत होतं? लांबूनच ओळखायचे. हसून बिसून नाही, सरळ तोंडावर – "ए, लांब हो." असला गोडबोल्या मालक कुठे बघितलास तू? पुस्तकात?

माऊस पुसत राहिली. स्वच्छच होता.

मी जेवले नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, भाजी नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
अबोला. चहा तिने केला, मी प्यायले, पण बोलले नाही.

हे डोकं त्या यतीनचं. हिचा साहेब. पुण्यात बसतो. पोरीला पुढे करून असली घाण लिहून घेतो! येऊ दे त्याचा फोन. मेल्याला दाखवते खारपायी कशी असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आला फोन. स्पीकरवर होता. मी मटार घेऊन मुद्दाम शेजारी सोलायला बसले, तोंड उघडायची वाट बघत.

तोच म्हणाला, "निशी, ते लॉजवालं काढून टाक यार. लोक चिडतील, मजा नाही येणार. आणि आजकाल असं असतं कुठे?"

निशी म्हणाली, "असतं."

तो म्हणाला, "अगं पण –"

"ते राहणार, यतीन. काढायचं असेल तर जमात दुसऱ्या कुणाकडून बनवून घे."

मटार हातातच राहिला. म्हणजे त्याला फुकट शिव्या दिल्या मी! हट्ट आमच्याच घरातला. नोकरीवर पाणी सोडायला निघालीय एका खोट्या लॉजसाठी! पण हिने कुठे बघितलं असलं? हिचा जन्म भाईंदरचा. हिला कोण म्हणणार लांब हो?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भाजीला उतरले तर रिक्षा स्टँडवर ईश्वर एजंट. धरलाच. "काय रे, आमच्या जागेचं काय झालं?"

गोड हसला. स्टूल पुढे केलं. "बैठो ना, आजी. वो रूम? वो तो उसी दिन गया. सेठ ने मॅडम का पूरा नाम पूछा, मैंने बता दिया, तो बोला अभी-अभी गया."

त्याच्याकडूनच पत्ता घेतला आणि तशीच चालत गेले मिरा रोडच्या त्या बिल्डिंगपर्यंत, गुडघ्याला शिव्या घालत. दुसऱ्या मजल्यावर 'भाड्याने देणे'ची पाटी. वारा आला की हलते.

ईश्वरला एक शिवी दिली नाही मी. तोंडात होत्या. निघाल्याच नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
निशीला म्हटलं, लॉज ठेव. मालकाचं हसणं अजून वाढव. आणि माझा आवाज परत भर – काल तोंडात राहिल्या त्या सगळ्या शिव्या देते.