उंबऱ्याखालचा तडा

दहिसर,
रविवार, १ नोव्हेंबर १९८७

ती. नलूताईस,
सहदेवचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. दहिसर ते मुलुंड हे काही पत्र टाकण्याचं अंतर नाही, हे मलाही कळतं. पण समोर बसलो की मी इकडचंतिकडचं बोलेन, चहा पिईन आणि उठेन. म्हणून लिहितोय.

इकडे सगळं ठीक. मालनचा गुडघा आता बराच बरा आहे. आई गणपतीला गावी गेली ती अजून तिकडेच. भाताची झोडणी झाल्याशिवाय येणार नाही म्हणते. आमच्या खिडकीतून नदी दिसायची, तिथे आता चार मजली बिल्डिंग उभी राहिलीय. प्रेमा यंदा दहावीला ना? अभ्यास कसा चाललाय?

भाऊबीजेला मी आलो नाही. शकुमावशी येऊन गेली. तू तिला म्हणालीस ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, की चार भाऊबीजा झाल्या, नवऱ्याची नोकरी गेली आणि भावाला खुर्चीची जागा मिळाली, आता त्याला आमच्या दारात यायची लाज वाटते.

लाज वाटते हे खरं आहे, ताई. कारण तू समजतेस ते नाही.

खुर्चीची जागा मला कोणी दिली नाही. विमानांच्या हँगरमधून रेकॉर्ड सेक्शनला बदली मी स्वतः मागून घेतली. तीन वर्षं विमानांचे कागद लावतोय. गेल्या महिन्यात हँगरच्या चंद्रप्रकाश साहेबांनी बोलावलं. विमानं जुनी होताहेत, तपासणारे कमी पडताहेत, तू परत हँगरला ये, म्हणाले. त्यासाठी डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर नवीन होते. डावा डोळा झाका म्हणाले. मी झाकला आणि उजव्यानं खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अहो, हा तक्ता मी कालच बदललाय. तुम्ही काय वाचताय?"

मी म्हटलं, "जुना तक्ता. पाठ आहे."

"किती वर्षं?"

"पाच."

हँगरमध्ये एकदा रंग काढायचं औषध डोळ्यात उडालं होतं, तुला आठवत असेल. तेव्हा बरं वाटलं, पण पुढे त्याच डोळ्यात मोतीबिंदू धरत गेला. हळूहळू. मी कोणाला सांगितलं नाही, मालनलाही नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "या पाच वर्षांत तुम्ही काय काय तपासलंत?" त्याचं एक उत्तर मी तुला देणं लागतो.

मे १९८४. भावोजी इन्स्पेक्टर, मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. भावोजी घरी कामाचं बोलायचे की नाही कोण जाणे, म्हणून सांगतो. विमान वर गेलं की आतल्या हवेनं जरासं फुगतं, खाली आलं की बसतं. दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं. तार सारखी वाकवत राहिलं की कशी एका जागी कमजोर होते, तसं पत्र्याचं होतं. दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यात केसासारखा तडा धरतो आणि वाढत जातो. तो वेळेवर शोधायचा, हे आमचं काम.

मागच्या दाराच्या उंबऱ्याखाली एक कोपरा आहे. तिथे लाल औषध लावायचं, मुरू द्यायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर आत मुरलेलं लाल त्या पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतं. जागा इतकी अडचणीची, की डोकं एकाच बाजूनं आत जातं आणि उजवाच डोळा तिथे पोचतो.

मला काहीतरी गुलाबी दिसलं. रेघ नव्हे. धुकं असावं तसं. नीट पुसलं गेलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. नीट पुसलं नसेल तर परत पुसून परत करायचं असतं, तासाभराचं काम. दिसत नसेल तर दुसऱ्याला बोलवायचं असतं. पण दुसऱ्याला बोलावलं की तो विचारणार, तुला का दिसत नाही?

भावोजी शिडीखाली उभे होते. "सहदेव, काय म्हणतं?"

"ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

खरं तर त्यांनी वर चढून भिंगातून स्वतः बघायचं. पण तिकडे दुसऱ्या विमानाशी त्यांच्या नावानं हाका चालल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कार्डावर सही केली. कार्डावर दोन चौकोन असतात, एक काम करणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. हात धुऊन येतो नि करतो, असं म्हणून मी माझा चौकोन रिकामा सोडला. मी विसरलो नव्हतो, ताई.

सप्टेंबरात त्या दाराखाली बाहेरच्या रंगावर तपकिरी ओघळ दिसला. आतल्या सिगारेटींचा धूर होता तो. हवेबरोबर बाहेर झिरपत होता. रंग खरवडला तर नऊ इंचांचा तडा, सात रिव्हेटांच्या ओळीतून गेलेला. चार महिने ते विमान माणसं भरून उडत होतं.

चौकशीला तिघे साहेब बसले. कार्ड पुढे ठेवून विचारलं, "हे काम कोणी केलं?" भावोजींनी तो रिकामा चौकोन पाहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच केलं. माणसं कमी होती."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्यांचं लायसन्स गेलं तेव्हा नाही, तुम्ही जागा सोडून मुलुंडला गेलात तेव्हाही नाही. त्यांनी असं का केलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला काय विचारलं असतं, याची भीती होती.

अजून एक राहिलं. त्या वर्षी गणपतीला आई आणि प्रेमा माझ्या पासावर विमानानं गोव्याला उतरून गावी गेल्या. आई चपला हातात घेऊन विमानात चढली, म्हणून आपण किती हसलो होतो. रेकॉर्डला आल्यावर मी त्या दिवसाचा कागद काढून बघितला. तेच विमान. त्या दोघींना मागच्या दाराशी बसवा, उतरायला बरं पडेल, असं मीच विमानतळावरच्या माणसाला सांगितलं होतं.

उद्या मी हे सगळं साहेबांना लिहून देणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

तुझा,
सहदेव


मुलुंड,
१२ नोव्हेंबर १९८७

सहदेव,

आशीर्वाद लिहायला घेतला होता. आज राहू दे.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात एका दुपारी आलं. दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. संध्याकाळी हे वर्कशॉपातून आले, हातपाय धुतले, पानावर बसले. मी विचारलं, "ते काम तुम्ही केलं होतंत की सहदेवनं?" हे म्हणाले, "आमटी वाढ."

तेव्हा मला कळलं.

तीन वर्षं मी या माणसाला काय काय बोलले ते तुला माहीत नाही. न बघता सही करणारा माणूस, म्हणून बोलले. लेथवर बोट कापून घेऊन आले, तेव्हा पट्टी बांधता बांधता बोलले. प्रेमाला शाळेत बाईंनी वडील काय करतात विचारलं आणि पोर मान खाली घालून घरी आली, त्या दिवशी तर शेजारच्या कुंदासमोर बोलले. कुंदा उठून गेली, पण मी थांबले नाही. ह्यांनी एकदा तरी म्हणावं की नाही, जा, तुझ्या भावाला विचार? कधी म्हणाले नाहीत. खाली बघून जेवायचे.

डोळ्याचं मला समजलं असतं रे. चुकलं तेही समजलं असतं. आपले बाबा गिरणीत एका बोटाला मुकले, तेव्हा त्यांनीही महिनाभर हात खिशात लपवला होता. पण तू गप्प बसलास आणि माझ्याच तोंडून ह्यांना शिक्षा देत राहिलास. चौकशीच्या साहेबांनी नाही दिली एवढी मी दिली. ती मी परत कशी घेऊ, सांग.

प्रेमाचं आणि आईचं लिहिलंस ते मी परत वाचणार नाही.

साहेबांना लिहून दिलंस का? दिलं असशील तर पुढचं कळव. नसशील तर पत्र पाठवू नकोस.

नलिनी


दहिसर,
रविवार, २१ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
नमस्कार.

लिहून दिलं होतं. तुझं पत्र आलं, त्याच्या दहा-बारा दिवस आधीच. पण नुसतं दिलं म्हणून कळवण्यात काय अर्थ होता? काय होतं ते होऊ दे, मग लिहू, असं ठरवलं. काल निकाल लागला.

चंद्रप्रकाश साहेबांनी कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला होता. म्हणाले, "फाइल बंद झालीय. कोणी मेलं नाही. त्या माणसानं स्वतः कबूल केलंय. तू कशाला उकरतोस?"

मी म्हटलं, "त्यांनी कबूल केलं ते खोटं आहे, साहेब."

"नोकरी जाईल तुझी. सोळा वर्षांची."

"हो."

"घरी विचारलंस?"

मालनला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तिनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही झोपेत 'नक्की, नक्की' म्हणता. मला वाटायचं, देवाचं काही असेल." साहेबांना हे कसं सांगणार? नुसती मान हलवली. त्यांनी घेतला नाही म्हणून कागद खाली टपालाच्या खिडकीवर दिला आणि शिक्का मारून घेतला.

डिसेंबरात चौकशी नव्यानं बसली. या वेळी मला बसायला खुर्ची दिली, पण मी उभा राहूनच सांगितलं. भावोजींनाही बोलावलं होतं, हे तुला ठाऊकच आहे. त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा खोटं का बोललात? ते म्हणाले, "सही माझी होती. मग काम कोणाचं, हे सांगून काय फरक पडणार होता?" एक साहेब म्हणाले, फरक पडला असता, ज्याला दिसत नाही असा माणूस आम्ही तेव्हाच बाजूला केला असता. भावोजींनी ते मान्य केलं. मलाही ते बरोबर वाटलं.

मला कामावरून काढलंय. भावोजींची नोकरी परत मिळणार नाही. न बघता सही केली आणि चौकशीत खोटं सांगितलं, हे दोन्ही त्यांच्या नावावर राहिलं. पण लायसन्सवरची बंदी उठलीय. परीक्षा परत देता येईल. आणि सगळ्या तपासणाऱ्यांचे डोळे नव्या तक्त्यावर तपासले, त्यात आणखी दोघे सापडले. दोघेही माझ्यासारखेच पाठ म्हणत होते.

आज सकाळी भावोजी इकडे आले. तुला सांगून आले की नाही माहीत नाही. मी दार उघडलं आणि तिथेच थांबलो. तेच म्हणाले, "बाजूला हो, आत येऊ दे." पाटावर बसले. मालननं चहा ठेवला.

साडेतीन वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं. तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?

ते म्हणाले, "मी कोपऱ्याकडे बघायचं होतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं. ते तुझ्यावर कसं ढकलू?" चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पण मी तुला 'नक्की?' म्हणून विचारलं होतं, सहदेव. तेव्हा तू नाही म्हणायला हवं होतंस. एवढंच हवं होतं. ते मी विसरलेलो नाही."

मी म्हटलं, "विसरू नका."

मग त्यांनी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. पुढच्या महिन्यात आहे. मी त्यांना परीक्षेचं विचारलं, तर म्हणाले, "बघू. माझेही डोळे पन्नाशीला आलेत. आधी ते दाखवतो." दोघंही हसलो, पण लगेच थांबलो.

निघताना पायात चपला घालता घालता त्यांनी तुझं सांगितलं. नोव्हेंबरपासून तू त्यांच्याशी धड बोलत नाहीस. वाढतेस, कपडे हातात देतेस, आणि ते बघत नसले की डोळे पुसतेस. मीठ जास्त पडलं तरी 'जास्त झालं का हो' इतकंच विचारतेस, तेही हळू. ते आपल्या मालवणीत म्हणाले, "तिका सांग, पयल्यासारखी आरडत जा. घर खावक उठता."

ते स्वतः तुला हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय. माझ्यासाठी मी तुझ्याकडे काही मागत नाही, ताई. तू मला कधी बोलवावंस, असंही नाही. फक्त हे पत्र मिळेल त्या दिवशी ते घरी आले की त्यांना काहीतरी बोल. उशीर का केलात म्हणून बोल. माझ्या घरी गेले म्हणून बोल. मोठ्यानं बोल.

ज्यानं बोलायचं तेव्हा बोललं नाही, तो तुझा भाऊ,
सहदेव