सीटखालचं बटण

बाबा,

गवत कापायच्या गाडीची किल्ली शोधत बसू नका, मी बरोबर नेली आहे. काल शेजाऱ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोललो. पाती सारखी चालू-बंद करून तुम्हीच क्लच जाळलात, असंही म्हणालो. आज पहाटे क्लच उघडून पाहिला. तो धडधाकट आहे, वायरीही शाबूत आहेत. मी बसलो की पाती झकास फिरतात, म्हणून तर पाती आपोआप थांबतात हे तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं. मग खाली वाकून बघताना सीटवरून जरासा उठलो आणि पाती गपकन थांबली. सीटखाली एक बटण असतं. माणूस उतरून सीटवरचं वजन गेलं की ते क्लच सोडवून पाती थांबवतं. तुम्ही बसूनही त्या बटणाला वाटत होतं, सीटवर कुणीच नाही.

बटण काढून टाकणं धोक्याचं आहे, म्हणून गवत तूर्त राहू द्या. दुपारी लवकर येतो, डॉक्टरांकडे जाऊ. या वेळी तरी नाही म्हणू नका. तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही. दारामागे लटकणाऱ्या तुमच्या कमरेच्या पट्ट्याला, तो आणखी आवळायला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.