पाडव्यानंतरची खरेदी

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. आईंना,

साष्टांग नमस्कार.

वर नुसती तारीख घातलीय, गावाचं नाव मुद्दामच घातलं नाही. अर्विंग सोडलं, एवढं सांगते. डॅलसच्याच आसपास आहोत. अनिकाची शाळा बदलावी लागली.

हे पत्र रत्नाच्या हाती पाठवतेय. रत्ना माझ्या ऑफिसातली मैत्रीण, तिचं माहेर लक्ष्मीनगरला, तुमच्यापासून जवळच. ती स्वतः येऊन तुमच्या हातात देईल. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन तुमच्या लेकाने, सिद्धेशने घेऊन दिला, चालूही त्यानेच करून दिला, आणि त्यावरचे मेसेज त्याला इथे बसून वाचता येतात. तुम्हाला हे माहीत नसेल. मलाही फार उशिरा कळलं.

तुमचे गुडघे कसे आहेत? त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून व्यायाम करून घेता, की तिला चहा पाजून परत पाठवता? अनिकाचा पुढचा दात पडला. आता तिला 'आजी' नीट म्हणता येत नाही म्हणून ती आरशासमोर उभी राहून सराव करते. फराळ पोचला. अनारशांचा भुगा झाला होता, तो आम्ही दुधात घालून खाल्ला. चिवडा पुरवून पुरवून खातोय. फराळाबद्दल अजून लिहायचंय, पण थोडं थांबा.

गेले काही आठवडे एका खरेदीच्या मागे होते. खरेदी म्हटलं की तुमची आठवण यायचीच. माझ्या शालूसाठी तुम्ही अख्खी सीताबर्डी पालथी घालायला लावलीत आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत आलात. वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, आणि दुकानदार आपणहून पुढे करतो ती आधी बाजूला सारायची, हे दोन्ही नियम मी तुमच्याकडून शिकले. त्याच नियमांनी मी पिस्तूल घेतलं.

चष्मा काढून ठेवला असेल तर परत घाला, आई. मी थट्टा करत नाहीये.

आमचं ग्रीन कार्ड आलेलं असल्याने मला ते कायद्याने घेता येतं. दुकान मोठं होतं, किराणा दुकानासारखा लख्ख उजेड. काउंटरवरच्या पोराने "पर्समध्ये ठेवणार?" असं विचारून एक गुलाबी मुठीचं इवलंसं पिस्तूल पुढे केलं. बायकांना हेच आवडतं, म्हणाला. स्वस्तही तेच होतं. वकिलाची फी चालू असताना स्वस्ताकडे हात जातोच. पण तुमचा नियम आठवला. शिवाय मी टेस्टर. नवी वस्तू दिसली की ती कुठे दगा देईल हे आधी शोधायची मला पोटासाठी लागलेली सवय आहे. पर्स आपण सोफ्यावर टाकतो, आणि च्युइंगगम शोधायला अनिका त्यात हात घालते. पर्स बाद. मग उरली कंबर, कुर्तीच्या आत.

त्याच दुकानाच्या मागे नेमबाजीची गॅलरी आहे. तिथे शिकवणाऱ्या बाईंचं नाव लोरेटा. सत्तरीच्या आहेत, केस पांढरे, बोलणं तुमच्यासारखंच, कात्रीने कापल्यासारखं. त्यांनी मला ते गुलाबी उडवून बघायला लावलं. आई, छोटं तितकं सोपं असेल अशी माझी समजूत होती. ते छोटंच जास्त उसळतं. तळहात झिणझिणला, आणि गोळी कुठे गेली तेही कळलं नाही. फार मोठं घेतलं तर ते कुर्तीतून दिसतं. मधलं, ज्याला इथे कॉम्पॅक्ट म्हणतात, ते मुठीत नीट बसतं आणि कपड्यात लपतंही. एक-दोन हाताळून पाहिली. पण माझी अडचण निराळीच निघाली.

गोळी आत सरकायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. उजव्या हाताने मूठ धरायची आणि डाव्याने तो भाग खेचायचा. माझ्या डाव्या हातात तेवढा जोरच नाही. पुन्हा पुन्हा ओढलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी ते जागचं हललं नाही. मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला. लोरेटाबाईंनी माझं मनगट हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हनी, हू डिड दॅट?"

काय झालं, असं नाही विचारलं. कुणी केलं, असं विचारलं. मी म्हणाले, नवऱ्याने.

तोंडाने तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला. कोर्टात सगळं वकिलाने कागदावर लिहून दिलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं.

तुम्हाला मी बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं होतं. बाथरूम कोरडं होतं. अनिकाच्या वाढदिवसाचा केक मी त्याला न विचारता ऑर्डर केला होता, यावरून सगळं सुरू झालं. दार लावून घेऊन त्याने माझा हात पिळला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. मग तोच मला इमर्जन्सीत घेऊन गेला, सगळे फॉर्म त्यानेच भरले, आणि नर्सशी फार गोड बोलला.

याच्यापुढचं लिहू की नको, हे ठरवण्यात माझे दोन रविवार गेले. प्लास्टर निघाल्यावर तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करून मला मालिश करायला लावायचात. तेल कोमट कर, अंगठ्याकडून वर चोळ, असं सांगायचात. माझ्या आईनेही तेवढं केलं नाही. पण कसं लागलं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी विचारलं, अगदी दूधवाल्या दुकानातल्या माणसानेही. तुम्ही न विचारताच मी बाथरूमचं सांगून टाकलं आणि तुम्ही लगेच "हो हो, जप हो" म्हणालात. तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटतं, तुम्हाला कळलं होतं. कदाचित तुमचा मुलगा तुम्हाला माझ्याही आधीपासून ठाऊक होता.

याचं उत्तर मला नको. उत्तर दिलंत तर मी ते कुठे ठेवू?

आता फराळाचं. ऑक्टोबरात तुम्ही पत्ता मागितलात, डबा कुरिअरने पाठवायचा म्हणून. कुणालाच द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण अनिका आजीच्या चकल्या कधी येणार म्हणून विचारत होती, आणि तुम्ही म्हणालात, "पोरीला फराळ तरी पाठवू दे गं." म्हणून दिला.

पाडव्याच्या संध्याकाळी बेल वाजली. ऑफिस करून येऊन मी नुकतेच दिवे लावले होते. अनिकाने रांगोळी काढली होती, चार ठिपके आणि एक मांजर. शेजारच्या काकू मिठाई घेऊन यायच्या होत्या, म्हणून तिने न विचारता दार उघडलं. बाहेर सिद्धेश. तुम्ही पाठवलेला मरून कुर्ता घालून, हातात मिठाईचा बॉक्स. कोर्टाची ऑर्डर आहे, आई. त्याने माझ्या घराजवळ फिरकायचं नाही. लेकीला तो शनिवारी एका केंद्रात, तिथल्या बाईंच्या समोर भेटतो. हे सगळं मी तुम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं.

तो आत येऊन पाट शोधू लागला. म्हणाला, "आईने सांगितलंय, पाडवा आहे, जा, ओवाळून घे, सगळं नीट होईल."

अनिका तर हरखून गेली. "मम्मा, बाबा केम फॉर ओवाळणी!" म्हणत तिने स्वतःच तबक आणलं. फोन आत चार्जरला होता. तिच्यासमोर त्याला भडकवायची हिंमत मला झाली नाही. मी ओवाळलं. ज्या माणसापासून लांब राहायचा कागद मी कोर्टातून आणला, त्याला माझ्या हाताने कुंकू लावलं. अनिकाने ताटाला खालून हात दिला होता.

ओवाळणी म्हणून त्याने बांगडी आणली होती. ती तबकात ठेवली नाही. माझा डावा हात धरला, ती मनगटावरून चढवली, आणि मनगट सोडलं नाही. दुखेल इतपत दाबलं. तोंडाने हसत होता. म्हणाला, "आता पत्ता कळलाय. येत जाईन." मग लेकीचा पापा घेतला आणि निघून गेला.

पोलीस आले तेव्हा तो गेलेला होता. त्यांनी रिपोर्ट लिहून घेतला. माणसं चांगली होती, पण पोचायला त्यांना वेळ लागतो हे त्यांनीच सांगितलं. त्याच आठवड्यात घर बदललं. त्यानंतर ही खरेदी.

मला तुमचा राग आला आहे. आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा. तुम्हाला संसार जुळवायचा होता हे मला कळतं. पण तुम्ही पाडव्याच्या नावाने त्याला माझ्या दारात आणून उभं केलंत. आणि हे लिहिताना तुमचीच आठवण येतेय, याचाही मला राग येतो.

शेवटी घेतलं ते सेकंडहँड आहे, काळं, अगदी साधं. त्याचा वरचा भाग हलक्या हातानेही मागे येतो, माझ्यासारख्यांसाठीच बनवलेलं आहे म्हणे. घरात असताना ते बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत, अनिकाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी असतं. बाहेर पडले की कमरेला. मंडळाच्या हॉलवर पिस्तूल आणू नये अशी पाटी आहे, त्यामुळे दिवाळी पार्टीला गेले नाही. बाहेर पडले तर ते हवं, ते असलं तर आत जाता येत नाही. लोक म्हणत असतील, चारुता माणसांतून उठली.

रविवारी सरावाला जाते. समोर माणसाच्या आकाराचा कागद टांगलेला असतो. त्याला तोंड नसतं. तरी मला तिथे सिद्धेशचं कपाळ दिसतं, आणि ते कपाळ तुमचं आहे, आई. अनिकाचंही तेच आहे. पहिल्या दिवशी मी पिस्तूल खाली ठेवून बाहेर जाऊन ओकले. आता ओकत नाही. मला भीती वाटते ती याचीच.

म्हणून एकच मागते. त्याला तिकडे बोलावून घ्या. तुमचं सोडून तो कुणाचं ऐकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय म्हणा, घर विकायचंय म्हणा, काय वाटेल ते म्हणा. तिथे त्याला नोकरी मिळेल. त्याला जेवायला घाला, रागवा, जवळ घेऊन रडा. तिथून तो अनिकाला रोज फोन करू दे, मी अडवणार नाही. पण त्याला इथे ठेवू नका. आधीचा पत्ता त्याने मिळवला, नवाही शोधेल.

आणि एकत्र बसून बोला, असं मला आता सांगू नका.

पुढच्या वेळी बेल वाजली आणि दारात तो असला, तर काय करायचं ते ठरलेलं आहे. अनिकाला बाथरूममध्ये घालून कडी लावायची, हे आम्ही दोघींनी खेळासारखं करून पाहिलंय. मग पोलिसांना फोन. आणि ते यायच्या आत त्याने दार फोडलं तर मी कचरणार नाही. लोरेटाबाई म्हणतात, माझा नेम चांगला आहे. त्या उगाच कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत.

तुमचा मुलगा तुम्हाला जिवंत हवा असेल, तर त्याला घरी न्या.

अजून तरी तुमची सून,
चारुता