रिकामं वजन

३ डिसेंबर
उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर उभा राहिलो तर पडद्यावर सत्तर किलो आले. काट्याच्या कारकून अनिताताई हसल्या. म्हणाल्या, पुण्याचे साहेब म्हणजे उसाच्या तीनच मोळ्या. मग चहा दिला.

साखर कारखाना दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. रांजणगावचं काम संपवून सरळ इथे आलो. काम लहान आहे. गेटवर उसाच्या गाडीचा नंबर टाकला की त्याचा मेसेज कम्प्युटरच्या रांगेत पडतो. रांगेवर एक ट्रिगर सेवा नजर ठेवते. तिने पुकाऱ्याचा प्रोग्राम चालू करायचा, म्हणजे कर्ण्यावरून नंबर ऐकू येतो. सेवा चालू आहे, मेसेज साठतात, प्रोग्राम उठत नाही. तोवर भिमाजीआप्पा तोंडाने पुकारतात. साठीचे, डोक्याला मफलर. एखादा गाडीवान एकटा असला तर त्याच्या मोळ्या गव्हाणीत, ऊस आत ओढणाऱ्या साखळीवर, टाकायला आप्पाच जातात. पुकारेल त्याने हात लावायचा, ही यार्डातली रीत.

बायकोला, समृद्धीला, फोनवर सांगितलं, रविवारी घरी. तिला सातवा लागलाय.

४ डिसेंबर
फाइलचा पत्ता बरोबर. परवानग्या बरोबर. सेवा चारदा बंद करून चालू केली. प्रोग्राम हाताने चालवला की चालतो, सेवेकडून चालत नाही. खिडकीबाहेर बैल जुवाखाली उभे. एक गाडीवान आत डोकावून म्हणाला, साहेब, कम्प्युटरला चारा घाला, तवा उठंल.

चारच्या सुमारास सापडलं. रिकाम्या रांगेत पहिला मेसेज आला तरच ही सेवा प्रोग्राम चालू करते. रांग रिकामी नसेल तर प्रोग्राम चालूच आहे असं ती धरून चालते. आणि ही रांग कधी रिकामी होतच नाही. तळाशी एक मेसेज आहे. गाडी २१७, बाळासो, मागच्या हंगामातला, चौदा जानेवारी. हा नंबर कम्प्युटरच्या नोंदवहीतून काढलेला आहे. प्रोग्रामला नंबर सापडत नाही, म्हणून तो मेसेज परत रांगेत टाकतो.

काढून टाकला की झालं.

५ डिसेंबर
काढला. मिनिटभरात परत आला. तारीख तीच. तीनदा काढला.

आप्पांना विचारलं. तंबाखू मळत त्यांनी सांगितलं. बाळासो एकटाच आला होता, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. पुकारताना त्याचा नंबर चुकून गाळला गेला. दोन दिवस गाडीवर बसून होता, तिसऱ्या दिवशी बसल्या जागी गेला. तेव्हापासून आप्पा दोनशे सोळानंतर दोनशे अठरा म्हणतात. म्हणाले, त्याला बोलवायचं न्हाई साहेब. बोलावलं तर त्यो येनार. आन् मोळ्या उतरायला मानूस मागनार.

रविवार चुकवायचा नाही. नोंदवहीत २१७ परत लिहिला. प्रोग्राम हाताने चालवला. कर्णा बोलला, गाडी दोनशे सतरा, काट्यावर या.

रांग रिकामी झाली. पुढची गाडी गेटवर आली, सेवेने प्रोग्राम चालू केला. काम संपलं. आप्पा माझ्याकडे न बघता निघून गेले.

काट्यावर काहीच नव्हतं. पडद्यावर १९२० आले. पावती निघाली. गाडी २१७. भरलेलं वजन १९२०. रिकामं वजन बाकी.

६ डिसेंबर
रात्रभर झोपलो आणि उठलो तो दमलेला. उजवा खांदा सोललाय. तळहातांत उसाची बारीक, टोचरी कूस. बोटांना पाचटाच्या चिरा.

अनिताताई म्हणाल्या, पावती रद्द होत नाही. मोळ्या उतरवून रिकामं वजन झाल्याशिवाय गाडी सुटत नाही.

आप्पांनी विचारलं, किती उतरल्या? मी म्हटलं, काय? ते म्हणाले, आज डोळा लावू नका.

जेवल्यावर खुर्चीत मान टाकली. जाग आली तेव्हा गव्हाणीपाशी उभा होतो. खांद्यावर मोळी.

७ डिसेंबर
सकाळी एसटीत बसलो. तिकीट खिशात आहे. समृद्धीला फोन केला, निघालो म्हणून.

एसटी हलली तसा डोळा लागला —

यार्डात आहे. दुपार. वही गुडघ्यावर. गव्हाणीची साखळी चालू आहे, सगळीकडे माणसं आहेत, कुणी माझ्याकडे बघत नाही. गाडीवरून कुणीतरी मोळी खाली देतं. मी घेतो. परत देतं.

आप्पा लांबून ओरडले, वर बघू नका साहेब —

फोन वाजतोय. समृद्धी. हात वर होत नाही.

शेवटची मोळी. ही टाकली की मोकळा. मग घरी —

टाकली.

तो गाडीवरून म्हणतो, लई दमलात. चालत कुठं जाताय. गाडी रिकामीच हाय, बसा, सोडतो. चांगलं बोलतो. त्यालाही घरीच जायचंय. नाही म्हणायचं आहे, पण पाय

८ डिसेंबर, सकाळी
वही काट्यावर सापडली. पुढचं मी लिहिते आहे, अनिता, काटा कारकून. साहेब खोलीवर नाहीत. बॅग आणि फोन गव्हाणीपाशी सापडले, फोन वाजतो आहे. पुकारा नीट चालू आहे.

काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पावती निघालेली दिसली. गाडी २१७, रिकामं वजन ४९०. मागच्या हंगामात आधीच्या खेपांना हीच गाडी रिकामी ४२० भरली होती. काटा तपासून घेतला. काटा बरोबर आहे.